वस्तीवरच्या कोंबड्या, बांधातलं खोकड आणि तीस गुंठे पड

वस्तीवाली | ९ फेब्रुवारी

इथे बरीच वर्षं नुसतं वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आमची वस्ती उत्तर सोलापूर तालुक्यात, बार्शी रस्ता सोडून आत, नान्नजच्या माळाच्या अंगाला. रान साडेतीन एकर. खालचं काळं, तिथे मालदांडी ज्वारी आणि हरभरा. वरची तीस गुंठे मुरमाड पड. तिच्यात मारवेल, कुसळी, चार बोरी, एक हिवर आणि दगड. चार वर्षांपूर्वी पुण्यातलं भाड्याचं घर सोडून आम्ही दोघं मुलाला घेऊन इथे आलो. सासू-सासरे आधीपासून इथेच. एक गाय, दोन शेळ्या आणि चौदा गावरान कोंबड्या. म्हणजे होत्या. आता नऊ.

संक्रांतीपासून आजवर पाच गेल्या. रक्त नाही, फरफटल्याची खूण नाही. सकाळी मोजायला जावं तर एक कमी. एकदाच गोठ्यामागे ओंजळभर पिसं सापडली.

आता मुद्दा. पडीच्या आणि काळ्या रानाच्या मध्ये जुना ताल (पाणी-माती अडवणारा बांध) आहे, त्यात खोकडाने बीळ केलंय. तीन तोंडं आहेत. दिवेलागणीला ते बाहेर येऊन बसतं. शेळीच्या करडापेक्षा लहान, कान मात्र केवढाले. आमच्याकडे बघतं आणि जांभई देतं. मामांचं (सासऱ्यांचं) म्हणणं सरळ आहे, "चोर समोर बसलाय आणि तुम्ही त्याचे फोटो काढताय." शेजारच्या रानात पुढच्या आठवड्यात जेसीबी येणार आहे. त्याच फेरीत ताल मोडायचा, पड सपाट करायची आणि डाळिंब लावायचं असं त्यांनी जवळजवळ ठरवलंय.

मला ताल मोडू द्यायचा नाहीये. पण "का?" म्हणून विचारलं की माझ्याकडे "बरं दिसतं" यापलीकडे उत्तर नसतं, आणि त्या उत्तरावर या घरात कुणी थांबत नाही. जाणकारांनी सांगावं.

---

हुरडापार्टी | ९ फेब्रुवारी

आधी हे सांगा, मालदांडीचा हुरडा संपला का राहिलाय? बाकी चर्चा त्यावर अवलंबून.

---

बोरामणीकर | ९ फेब्रुवारी

जेसीबी लावा ताई. बीळ बुजवलं की जातंय ते दुसरीकडं. कोंबडी आज पाचशेच्या खाली मिळत न्हाई, आणि तुमी खोकडाला पाळायला निघालाव.

---

माळराख | ९ फेब्रुवारी

ताई, थांबा. आधी चोर तरी नक्की करा.

खोकड म्हणजे कोल्हा नव्हे. गावात दोन्हींना सरसकट कोल्हाच म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. कोल्हा अंगाने मोठा, केसाळ, कुत्र्याच्या जवळपास जाणारा. तो कोंबडी उचलतो, कोकरूही उचलेल. खोकड मांजरापेक्षा थोडं मोठं, पाय काटक्यांसारखे, शेपटी झुपकेदार आणि टोक काळं. त्याचं मुख्य खाणं उंदीर, भुंगे, नाकतोडे, वाळवी, सरडे आणि या दिवसांत बोरं. एखादं पिल्लू उघड्यावर मिळालं तर ते सोडणार नाही, साधू नाहीच ते. पण पूर्ण वाढलेली गावरान कोंबडी रात्री खुराड्यातून आवाज न होता नेणं हे त्याचं काम वाटत नाही.

तुमच्या बिळाजवळ विष्ठा पडलेली असेल. वाळलेली काडीने फोडून बघा (हात धुवा नंतर). त्यात भुंग्यांची चकचकीत टरफलं, बोराच्या आठळ्या आणि उंदराचे करडे केस दिसतील. पिसं दिसली तर मामांचं खरं.

दुसरं म्हणजे राख. चुलीतली राख चाळून घ्या. दिवस मावळला की खुराड्याभोवती दोन हात रुंद पट्टा पसरा, हाताने सपाट करा. सकाळी कुणी झाडायच्या आत बघा. कुत्रा, कोल्हा, खोकड यांच्या ठशात बोटांच्या पुढे नखांची टोकं उमटतात. मांजराच्या जातीत नखं आत ओढलेली असतात, ठसा गोल येतो. मुंगसाचा ठसा बारका, पाच बोटं आणि पुढे लांब नखं. घोरपड असेल तर मधे शेपटीची ओढलेली रेघ.

आणि फेब्रुवारी-मार्च म्हणजे खोकडाच्या पिल्लांचे दिवस. आत्ता बीळ बुजवलं तर "दुसरीकडे जातंय" असं होत नाही, पिल्लं आत गुदमरतात. बोरामणीकर, हे तुमच्यासाठी.

---

बोरामणीकर | १० फेब्रुवारी

बरं बरं. पिल्लांचं म्हाईत नव्हतं.

---

तिसरा_फाळ | १० फेब्रुवारी

इथे नेहमीचंच चाललंय. ज्याचं पोट शेतावर नाही त्याला प्राणी गोड लागतात.

माझा दीड एकर भुईमूग दोन रात्रींत रानडुकरांनी उलटापालटा केला. नांगरून ठेवल्यासारखं रान. काळवीटं हरभऱ्याचे शेंडे खुडून जातात ते वेगळंच, बारा-पंधराचा कळप सकाळी सातला आरामात रवंथ करत बसलेला असतो. राखणीला मी आणि म्हातारा बाप. जुन्या साड्या लावल्या, बाटल्या टांगल्या, न्हाव्याकडून केस आणून टाकले. डुकरं आठ दिवस बिचकतात, नवव्या दिवशी साडीखालून येतात. भरपाईचा अर्ज केला, पंचनाम्याला माणूस आला तेव्हा तिथे उन्हाळी मका गुडघ्याएवढा झाला होता. काय दाखवू त्याला?

तेव्हा सहजीवन वगैरे जरा जपून.

पण ताई, तुमची पड मोडू नका, हेही सांगतो. कारण वेगळं आहे. पड वर आणि काळं रान खाली ना? वरचा मुरूम एकदा उकरला की पहिल्या वळवाला तो खाली काळ्यात येऊन बसतो. माझ्या चुलत्याने हेच केलं. वरची वीस गुंठे पिकाखाली आणायला गेला आणि खालच्या एकरभरात मुरमाचा हातभर थर आला. आपल्याकडे पाऊस वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलीमीटर, पण पडतो तो असा, की निम्मा चार-पाच दिवसांत. ते पाणी धरून ठेवायला गवतासारखं दुसरं काही नाही. ताल मोडला तर विहिरीचं पाणीही महिनाभर आधी आटेल. खोकडाचं मला काही माहीत नाही, त्याचं तुम्ही बघा.

---

वस्तीवाली | १३ फेब्रुवारी

फोटो चढत नाहीये, शब्दांत सांगते.

पहिल्या रात्री राखेत फक्त आमच्याच कुत्र्याचे पाय. दुसऱ्या रात्री त्याला बांधून ठेवलं. सकाळी साडेपाचला बॅटरी घेऊन गेले, तर गोठ्याच्या बाजूने ठशांची एक ओळ सरळ खुराड्याच्या मागच्या कोपऱ्याकडे गेलेली. एकेक ठसा माझ्या तीन बोटांएवढा रुंद, गोल. चार बोटं, मागे एक मोठी गादी, आणि पुढे काहीच नाही. नखाचं एक टोकसुद्धा नाही. पाय एकापुढे एक असे टाकलेले, की दोरी धरून चालावं. कोपऱ्यात जाळीचा तळ उचकटलेला, वीतभर फट. तारेला भुरकट-करडे दोन केस. त्या रात्री कोंबडी गेली नाही, कारण मी आदल्याच दिवशी तिथे पाटा टेकवून ठेवला होता. पाट्यावरही राखेचा एक पाय.

मामांना बोलावलं. ते उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ही तर बाऊल आहे." आणि उठून दात घासायला गेले.

विष्ठाही फोडून बघितली. बोराच्या आठळ्या भरपूर, भुंग्याचे निळसर पंख, आणि उंदराचा एक बारका दात. पिसं नाहीत. सासूबाईंनी ती काडी आणि मी, दोघींना घरात घ्यायला नकार दिला होता थोडा वेळ.

---

माळराख | १३ फेब्रुवारी

बाऊल म्हणजे रानमांजरच. अगदी जमतंय. ज्वारी उभी असते तोवर त्याला दडायला जागा असते, आता काढणी सुरू झाली की ते गोठ्याच्या, कडब्याच्या गंजीच्या आसऱ्याला येतं. त्यालाही मारायचं नाही बरं का, उंदीर खाण्यात ते खोकडाच्या वरताण. खुराडं दुरुस्त करा.

कोंबडीची पातळ षटकोनी जाळी काढून टाका, ती कोंबड्या आत ठेवायला असते, चोर बाहेर ठेवायला नाही. अर्ध्या इंची वेल्डमेश लावा. खाली जाळी सरळ न थांबवता बाहेरच्या अंगाला फूटभर वळवून जमिनीवर पसरा आणि वर दगड रचा. उकरणारं जनावर भिंतीला लागूनच उकरतं, त्याच्या पायाखाली जाळी आली की ते सोडून देतं. दाराला कडी वर आणि खाली, दोन्हीकडे.

---

मेंढवाडा | १४ फेब्रुवारी

मी धनगराच्या घरातला. आता सोलापुरात नोकरीला असतो, पण भावाच्या दोनशे मेंढ्या अजून माळावर असतात.

आमच्याकडे लांडगा हा रोजचा विषय. लहानपणी आजोबा म्हणायचे, वर्षाला दोन-चार मेंढरं त्याची धरायचीच. प्रेम म्हणून म्हणत नव्हते, हिशोब म्हणून. रात्री वाघर (मेंढरांभोवतीची जाळी) लावायची, कुत्री चारी कोपऱ्यांना, आणि एक माणूस जागा. एवढं केलं की लांडगा दुबळी, मागे राहिलेली मेंढी बघतो. खरा त्रास आता मोकाट कुत्र्यांचा. शहराच्या कडेला कोंबड्यांच्या दुकानांचा कचरा जिथे टाकतात तिथून पंधरा-वीसची टोळी माळावर येते. लांडगा एक मारून नेतो, कुत्री दहा फाडून तशीच टाकतात. काळविटाची पाडसं तर या कुत्र्यांपुढे टिकतच नाहीत. आणि नाव लांडग्याचं होतं. मग कुणीतरी मेलेल्या मेंढीत विष भरून ठेवतं. गेल्या काही वर्षांत फोरेट हे कीटकनाशक बाजारातून बंद झालंय, २०२० च्या शेवटी बंदी आली, पण जुने डबे घराघरात आहेत. त्या एका मेंढीवर लांडगा, कोल्हा, खोकड, कावळे आणि पाळीव कुत्रं, सगळे आडवे होतात. हे मी बघितलंय, पुन्हा बघायचं नाही.

ताई, तुमच्या पडीविषयी. तिथे वर्षभर एकच शेळी बांधून ठेवू नका. त्याने ठरावीक गवत संपतं आणि कुसळी तेवढी माजते. पावसाळ्यात पूर्ण बंद ठेवा, गवत फुलोऱ्यात आलं की निम्म्यात विळा लावा, निम्मं राहू द्या म्हणजे बी पडेल. कुसळं गळायच्या आत कापलं नाही तर ती जनावराच्या तोंडात टोचतात. पेटवू अजिबात नका. आणि ज्वारी निघाल्यावर काळ्या रानात दोन रात्री मेंढ्या बसवून घ्या. पूर्वी त्यासाठी धान्य द्यायचे, आता रोख देतात. खत टाकायला ट्रॅक्टर सांगण्यापेक्षा स्वस्त पडतं.

---

तिसरा_फाळ | १४ फेब्रुवारी

मेंढ्या बसवण्याला शंभर टक्के अनुमोदन. मेंढवाडा, भावाचा मार्ग आमच्या बाजूने असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

गुरुजी_निवृत्त | १६ फेब्रुवारी

धागा वाचून राहवले नाही.

नान्नज परिसरात मी तीस वर्षे शिक्षक होतो. सायकलवरून शाळेत जाताना माळढोक पक्षी दिसायचा. एक नर तर मला वाटते रोज तिथेच असे. लांबून बघितले तर कुणी उंच मनुष्य घोंगडी पांघरून चालला आहे असे वाटावे. आमच्या मुलांना त्याचे अप्रूप नव्हते, ती त्याला धोंडा मारून उडतो का ते बघत. मी रागावत असे, पण मलाही त्याचे मोल कळले नव्हते हे कबूल करतो.

१९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले. कागदावर ते ८,४९६ चौरस किलोमीटर होते, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली गावेच्या गावे त्यात. शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा व्यवहार करायचा तर परवानगीचे हेलपाटे. त्यातून माळढोकाविषयी जो राग साठला तो पक्ष्याला भोवला. "आमच्या रानात तो दिसला असे सांगू नका" असे लोक मला बजावीत. पुढे क्षेत्र कमी होऊन १,२२२ चौरस किलोमीटरच्या आसपास आले, तोपर्यंत पक्षी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे राहिले होते. एका वेळी एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर. कुत्रे, गुरे, नांगर, सगळ्यांच्या पायाखाली.

आणखी एक गोष्ट सांगतो. माळ म्हणजे ओसाड, त्यावर झाडे लावली पाहिजेत, हे आपण मुलांना शिकवले. मीही शिकवले. वृक्षारोपणाला मुलांच्या रांगा घेऊन गेलो. माळावर ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड लावले गेले, गवत गेले, आणि ज्या पक्ष्याला चहूकडे लांबवर दिसल्याशिवाय निर्धास्त वाटत नाही त्याची जागा गेली. नंतर तोच ग्लिरिसिडिया काढायची वेळ आली. तेव्हा ताई, पडीत "पर्यावरणासाठी" म्हणून कुणी रोपे वाटायला आले तर चहा पाजून परत पाठवा. वेडी बाभूळ तेवढी उपटा, ती सोडली तर चार वर्षांत पड गिळेल.

---

हुरडापार्टी | १६ फेब्रुवारी

गुरुजी, घोंगडी पांघरलेला माणूस डोळ्यासमोर उभा राहिला. मी सोलापुरात जन्मलो, पस्तिशी उलटली, माळढोक फक्त एसटी स्टँडजवळच्या फलकावर बघितलाय.

भोरड्या (थंडीत येणारे पाहुणे पक्षी) मात्र दरवर्षी बघतो. संध्याकाळी हजारोंचा थवा आभाळात चादर झटकल्यासारखा वळतो तेव्हा अख्खा रस्ता थांबून बघतो.

---

तिसरा_फाळ | १७ फेब्रुवारी

ती चादर दिवसा माझ्या ज्वारीवर बसते हेही लिहा.

---

माळराख | १७ फेब्रुवारी

:) हो, बसते. दाणा भरताना गोफणीला पर्याय नाही. पण त्याच भोरड्या नाकतोडे किती खातात तेही बघा. हरभऱ्यात पक्षीथांबे करून बघितलेत का? काही खर्च नाही. एकरी वीसेक काठ्या, प्रत्येकीला वर आडवी काडी, पिकापेक्षा हात-दोन हात उंच. कोतवालासारखे पक्षी त्यावर बसून घाटेअळी वेचतात. दाणे पक्के होत आले की काठ्या काढून घ्यायच्या.

डुकरांसाठी आमच्याकडे कडेने करडईच्या पाच-सहा ओळी टाकतात. काटा झाला की डुक्कर थोबाड घालायला कचरतं. शंभर टक्के नाही, पण साडीपेक्षा बरं.

---

डीपीवाला | १७ फेब्रुवारी

एवढं लिहिण्यापेक्षा कुंपणाला लाईनीची तार जोडा. एका रात्रीत विषय संपतो.

---

मेंढवाडा | १७ फेब्रुवारी

डीपीवाला, हे लिहिण्याआधी दहा मिनिटं थांबायला हवं होतंत. रात्री मेंढरं शोधायला, मोटार चालू करायला माणसं त्याच बांधावरून जातात. आमच्या पाहुण्यातला एक पोरगा असाच गेला, बावीस वर्षांचा. तार लावणाऱ्याचा सख्खा पुतण्या.

---

संपादक | १७ फेब्रुवारी

वरील सल्ला धोकादायक आणि बेकायदा आहे. वीजवाहिनीचा प्रवाह सरळ कुंपणात सोडणे हा गुन्हा आहे, त्यात माणूस दगावला तर तुरुंगवास आहे. संदर्भ कळावा म्हणून प्रतिसाद ठेवला आहे, पुढचे उडवले जातील.

बाजारात मिळणारे सौर झटका यंत्र वेगळे. त्यात क्षणभराचे ठोके असतात, जनावर दचकून मागे सरते, चिकटून राहत नाही.

---

तिसरा_फाळ | १८ फेब्रुवारी

झटका मशीन मीही घेतलंय यंदा. चालतं, फक्त तारेखालचं गवत दर पंधरवड्याला कापावं लागतं, नाहीतर झटका गवतातच जिरतो.

भरपाईबद्दल माझ्याकडून झालेली चूक सांगतो, दुसऱ्याने करू नये. पिकाचं नुकसान झाल्यापासून तीन दिवसांत वन खात्याकडे अर्ज गेला पाहिजे. मी "बघू, उद्या जाऊ" करत आठवा दिवस उजाडवला. सातबारा, बँकेचं पासबुक, मोबाईलवर त्याच दिवशी काढलेले फोटो, आणि पंचनामा होईपर्यंत रान मोडायचं नाही. जनावर मारलं असेल तर मुदत अठ्ठेचाळीस तासांची, आणि मढं जागचं हलवायचं नाही. १९२६ नंबरवर फोन करून तक्रार नोंदवता येते.

---

सांगोल्याचा_बागवान | २१ फेब्रुवारी

माझी चूक मी पण लिहितो.

डाळिंबासाठी शेततळं केलं, आत पाचशे मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. पहिल्या उन्हाळ्यात सकाळी मोटार चालू करायला गेलो तर पाण्यात काहीतरी तरंगतंय. ससा. त्याच्यानंतर मुंगूस. आणि मे महिन्यात खोकडाची मादी. कागदावर नखांचे ओरखडे, खालपासून हातभर उंचीपर्यंत, पूर्ण तळ्याभोवती. रात्रभर फेऱ्या मारल्या असणार तिने. कागद ओला झाला की त्यावर काही ठरत नाही, माणूससुद्धा वर येऊ शकत नाही. त्या दिवशी पोटात गोळा आला, कारण माझी पोरगी तेव्हा चार वर्षांची होती आणि कुंपण अर्धवट होतं.

आता चारी बाजूंना ट्रॅक्टरचे जुने टायर जाड दोराने एकमेकांना बांधून काठापासून पाण्याच्या तळापर्यंत सोडलेत. दोर वर खांबाला. टायरखाली जुनी गोणपाटं, कागद फाटू नये म्हणून. कुंपण पूर्ण केलं. आणि कुंपणाबाहेर, शंभर पावलांवर, सिमेंटचं उथळ टाकं ठेवलंय. प्यायला तिथे मिळालं की तळ्यात उतरायची गरजच पडत नाही. त्यानंतर एक कावळा सोडला तर काही बुडालं नाही.

उघड्या विहिरीला कठडा नसेल तर निदान काटेरी फांद्या तरी लावा.

---

वस्तीवाली | २३ फेब्रुवारी

बागवानदादा, तुमचा प्रतिसाद वाचून आमचे हे दुपारीच विहिरीवर गेले. कठडा एका बाजूला ढासळलेलाच आहे.

टाकं आम्हीही ठेवू, पण घरापासून लांब. गेल्या वर्षी हौसेने पाण्याचं मातीचं भांडं अंगणात ठेवलं होतं, पाखरं आली, पाठोपाठ बेडूक आले, बेडकांपाठोपाठ नाग. चूक नागाची नव्हती.

---

सिव्हिलची_सिस्टर | २३ फेब्रुवारी

सापाचं निघालंच आहे तर. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, हे चार लक्षात ठेवा. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारते, आणि कडब्याखाली हात घालताना चावते. चावल्यावर घट्ट आवळू नका, चिरा देऊ नका, देवळात नेऊ नका. तो अवयव हलवायचा नाही, १०८ ला फोन करायचा आणि जिथे सर्पदंशावरची लस (प्रतिविष) आहे अशाच दवाखान्यात जायचं. येणाऱ्यांपैकी बरेच जण आधी कुठेतरी दोन तास घालवून येतात. मण्यारीचा दंश तर दिसतही नाही, माणूस पोट दुखतंय म्हणून झोपून राहतो. जमिनीवर झोपू नका, एवढंच ऐकलं तरी पुष्कळ.

धामण मारू नका. तिला सोडून द्या, उंदीर खाऊ दे.

---

बोरामणीकर | ४ मार्च

ताई जेसीबीचं काय झालं ओ? आमी वाट बघालाव.

---

वस्तीवाली | ९ मार्च

जेसीबी आला आणि गेला. शेजाऱ्यांचा बांध गेला, आमचा ताल आहे.

पण मी काही फार बोलले म्हणून नाही. मामांना मुरमाचं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. पिल्लांचं सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. नंतर ते स्वतःच वहीत हिशोब करत बसले. दिवाळीच्या आधी पडीतून जे गवत निघालं त्यावर गाय दोन महिने काढते. ते नसतं तर कडबा विकत घ्यावा लागला असता, आणि यंदाचा शेकड्याचा भाव त्यांनी परवाच बाजारात ऐकला होता. डाळिंबाला लागणारं ठिबक, खड्डे, रोपं, वर तेल्या रोगाची धास्ती, असं दुसऱ्या पानावर. शेवटी वही मिटली आणि म्हणाले, "यंदा राहू दे."

यंदा. हे लक्षात ठेवून आहे मी.

पिल्लं दोन आहेत. काल संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी एकमेकांच्या शेपट्या ओढत होती. मामा कट्ट्यावर बसून बघत होते, मी आल्यावर तंबाखू मळायला लागले.

---

गुरुजी_निवृत्त | १० मार्च

दोन. वा.

---

वस्तीवाली | २२ जून

कुणीतरी धागा वर आणलाय म्हणून लिहिते.

मृग बरा झाला. तालाच्या वरच्या अंगाला पाणी तीन दिवस उभं होतं, खाली गढूळ आलं नाही. शेजाऱ्यांच्या बाजूने मात्र मुरूम आमच्या कोपऱ्यात आलाय, तीन-चार गुंठ्यांत. त्यावरून थोडी बोलाचाली झाली, बांध कुणाचा आणि कोरला कुणी, हे पुराण तुम्हाला माहीत आहेच.

खोकडं एप्रिलअखेर बिळातून गेली. कुठे ते कळलं नाही. उन्हाळ्यात एकदा पहाटे लांब माळावर एक दिसलं, आमचंच का ते सांगता येणार नाही.

विहिरीचा कठडा बांधून झाला. उडदासाठी पाळी (कुळवाची फेरी) घालताना ट्रॅक्टरवाल्याला मामांनी मधेच थांबवलं. मी म्हटलं काय अडकलं. तर टिटवीची चार अंडी, ढेकळांत ढेकळासारखीच. चार बाजूंना चार दगड ठेवले आणि तेवढं सोडून पाळी पुढे नेली. ट्रॅक्टरवाला वैतागला, त्याला तासावर पैसे असूनही. मामा त्याला म्हणाले, टिटवीने उंचवट्यावर घातलीत, पाऊस चांगला होणार, रान मोडू नको. यात टिटवीवरची माया किती आणि पावसाचा शकुन किती, ते मी विचारलं नाही.

वेल्डमेश लावल्यापासून बाऊल तीनदा राखेत उमटून गेली, आत शिरली नाही. तरी कोंबड्या आठच आहेत. नववी मे महिन्यात गेली. दार पोराने उघडं ठेवलं होतं.

---

हुरडापार्टी | २२ जून

ताई, अंडी विकता का? जुळे सोलापूरला पोच करत असाल तर डझनभर माझी.

---

वस्तीवाली | २३ जून

आठ कोंबड्यांत तीन खुडुक बसल्यात. दसऱ्यानंतर विचारा.